आणि इतर १२३

बहारीनमधलं मआमीर गाव संपतं आणि सित्राच्या कारखान्यांची रांग सुरू होते, तिथे मासळी आणि मटण गोठवून ठेवणारी एक कंपनी आहे. कंपनीत एकशे त्रेचाळीस माणसं काम करतात. प्रत्येकाला वर्षातून एकदा घरी जायला महिनाभर रजा मिळेल, असं नेमणूकपत्रात लिहिलेलं आहे. ती द्यायची की नाही हे मॅनेजर गुरुप्रसाद ठरवत. कोणाची ठरवायची, हे मात्र एक प्रोग्राम ठरवत असे.

प्रोग्राम जुन्या वळणाचा होता. त्यात चित्रं नव्हती, बटणं नव्हती. काळ्या पडद्यावर ‘लीव्ह’ एवढं टाइप करून एन्टर दाबायचं, की पांढऱ्या अक्षरांत सगळ्या कर्मचाऱ्यांची नावं इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने उमटत आणि ज्याने रजा मागितली असेल त्याच्यापुढे तारीख येई. गुरुप्रसाद दिसेल त्या नावापुढे खूण करत. खूण केलेली नावं दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता आपोआप एचआरच्या सबाकडे जात आणि सबा रजेची पत्रं छापत असे.

यात एकच अडचण होती. पडद्यावर वीस नावं मावत आणि यादी एकशे त्रेचाळीस नावांची होती. एन्टर दाबताच नावं पडद्यावरून भराभरा वर पळून जात आणि शेवटची वीस तेवढी थांबत. त्यामुळे टी ते झेड या अक्षरांच्या लोकांना कंपनी फार प्रेमळ वाटत असे. कॉम्प्रेसर सांभाळणारा वली हा डब्ल्यूमधला. मूळचा श्रीवर्धनकडचा, बावीस वर्षं बहारीनमध्ये. त्याला एका वर्षात तीनदा रजा मिळाली होती, पैकी दोनदा त्याने ती मागितलेली नव्हती.

उलट फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या आकिबला तीन वर्षं रजा नव्हती. एके दिवशी तो गुरुप्रसादांपुढे जाऊन उभा राहिला.

“साहेब, अर्ज केला तेव्हा पोरगा पहिलीत होता. आता तो चौथीत गेला. अर्जात पहिलीच लिहिलंय, तेवढं बदलून द्यायला आलोय.”

गुरुप्रसाद मनाने वाईट नव्हते. त्यांनी लगेच सलीलला बोलावलं. सलील हा पुण्याचा, एकोणतीस वर्षांचा, कंपनीचे सगळे कॉम्प्युटर एकटा बघणारा इंजिनिअर.

“सलील, यादी पळते.”

“वर सरकवता येते, सर. माऊसचं चाक फिरवलं की झालं.”

गुरुप्रसादांनी चष्मा काढला. “मी मॅनेजर आहे, सलील. मी चाक फिरवत नाही. माझ्यापुढे गोष्टी मांडल्या जातात.”

सलीलने दोन तासांत गोष्टी मांडण्याची व्यवस्था केली. आता यादी वीस नावांनंतर आपण होऊन थांबे आणि खाली विचारी, ‘पुढे?’ स्पेस बार दाबला की पुढची वीस. गुरुप्रसादांनी पहिल्याच दिवशी सात वेळा स्पेस बार दाबून संपूर्ण कंपनी पाहिली आणि ते चकित झाले. इतकी माणसं आपल्या हाताखाली आहेत याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांनी आकिबपासून सुरुवात करून चौतीस नावांपुढे खुणा केल्या आणि समाधानाने अमवाजच्या आपल्या फ्लॅटवर जेवायला गेले.

नऊ दिवस गेले तरी एकालाही रजेचं पत्र मिळालं नाही.

सबाकडे चौकशी झाली. सबाचे वडील रत्नागिरीचे, पण तिचा जन्म आणि शाळा इथलीच. तिला मराठी सगळं कळे; बोलताना ती अर्धं वाक्य मराठीत आणि उरलेलं सोयीने बोले. “मला काहीच आलं नाही, सर. झीरो रिक्वेस्ट्स. मी तर मंथली रिपोर्टमध्ये लिहिलं, स्टाफ इज व्हेरी हॅपी.” रिपोर्ट मालकांपर्यंत पोचला होता आणि मालकांनी पत्र पाठवून गुरुप्रसादांचं अभिनंदन केलं होतं. ते पत्र फ्रेम करायला दिलेलं होतं.

सलीलने शोध घेतला. सकाळी सहा वाजता जो प्रोग्राम यादी घेऊन सबाकडे जात असे, तोही ‘लीव्ह’ हाच शब्द वापरत होता. पहिली वीस नावं घेतल्यावर त्यालाही ‘पुढे?’ असं विचारण्यात येत होतं. प्रोग्रामला बोटं नसल्याने तो नऊ दिवस उत्तर न देता अदबीने उभा होता.

“सोपं आहे, सर,” सलील म्हणाला. “समोर माणूस असेल तरच थांबायचं, मशीन असेल तर थांबायचं नाही, एवढं मी लिहून टाकतो.”

“समोर माणूस आहे की नाही, हे कोण ठरवणार?”

“प्रोग्राम ठरवेल.”

“माझ्या कंपनीत कोण माणूस आहे हे प्रोग्राम ठरवणार?” गुरुप्रसाद म्हणाले आणि त्यांनी या प्रश्नावर समिती नेमली. समितीच्या तीन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत ठरलं, की माणूस-मशीन हा भेद नाजूक आहे आणि त्यात पडण्यापेक्षा सकाळी सहा वाजता मशीनसमोर एक माणूस उभा करणं सुरक्षित आहे. गेटवरचा वॉचमन नावेद सहा वाजता ड्युटीवर असतोच. त्याला स्पेस बारचा अतिरिक्त कार्यभार देण्यात आला.

नावेद शिस्तीचा माणूस. त्याने विचारलं, “किती वेळा दाबायचा?” लेखी उत्तर आलं, सात. तो रोज सहाला येई, सात वेळा स्पेस बार दाबी, वहीत सही करी आणि गेटवर परत जाई. रजेची पत्रं निघू लागली. आकिब गावी गेला. हे असंच चाललं असतं तर सांगण्यासारखं काही उरलं नसतं. पण गुरुप्रसादांचा अंगठा दुखू लागला.

नावेदला दिवसातून सातच वेळा दाबावं लागे. गुरुप्रसादांना एखादं नाव पाहायचं असेल तेव्हा प्रत्येक वेळी दाबावं लागे. रिफाच्या डॉक्टरने त्यांना अंगठ्याला आराम द्यायला सांगितलं. मॅनेजरच्या अंगठ्याला आराम आणि कंपनीला गती, ही दोन उद्दिष्टं समोर ठेवून त्यांनी ‘सुटसुटीत माहिती धोरण’ जाहीर केलं. धोरण एका वाक्याचं होतं: कोणतीही माहिती एका पडद्यापेक्षा जास्त असणार नाही.

त्यानुसार सलीलने यादी विसाव्या नावाला कापली. खाली एक ओळ टाकली: ‘आणि इतर १२३’.

“सर, सगळी यादी हवी असेल तर ‘लीव्ह ऑल’ असं टाइप करायचं,” तो म्हणाला. “तेवढी सोय ठेवली आहे.”

“मग पुन्हा तेच झालं ना? सगळं दिसलं की काही दिसत नाही, हाच तर आपला अनुभव आहे.”

सलीलने ती सोय प्रोग्रामच्या मदत-पानावर तरी लिहून ठेवली. पण मदत-पान ही सुद्धा माहितीच होती. तेही विसाव्या ओळीला कापलं गेलं आणि ‘ऑल’चा उल्लेख एकतिसाव्या ओळीत होता.

नेमकं याच सुमाराला वलीच्या मुलीचं, मेहरीनचं लग्न ठरलं. मुलगा कुवेतला होता, त्याला बारा दिवसांची सुट्टी, म्हणून निकाहची तारीख ठरली ती ठरली, डिसेंबरची बारा. वलीने ऑगस्टातच अर्ज दिला आणि पत्राची वाट पाहिली. पत्र आलं नाही, तेव्हा तो सबाकडे गेला.

“अंकल, लिस्टमध्ये तुमचं नाव नाहीये.”

“हाय ना. ‘इतर’मध्ये हाय.”

“पण ‘इतर’ नावाचा कोणी एम्प्लॉयी नाहीये आपल्याकडे. मी लेटर कुणाच्या नावाने काढू?”

वली गुरुप्रसादांकडे गेला. त्यांनी आदराने त्याला बसायला सांगितलं, ‘लीव्ह’ टाइप केलं आणि पडद्याकडे बराच वेळ पाहिलं.

“वली, तुम्ही दिसत नाही.”

“मी तुमच्या समोर बसलोय, साहेब.”

“बसलात हे मला मान्य आहे. पण खूण कुठे करू?”

वलीने थोडा विचार केला. बावीस वर्षांत त्याने कंपनीचे सगळे कॉम्प्रेसर आतून पाहिले होते, यादी एकदाही पाहिली नव्हती. यादीत आपण कुठे आहोत याचा विचार करायची त्याच्यावर कधी वेळच आली नव्हती.

तरी या भेटीचा एक परिणाम झाला. गुरुप्रसादांना इतरांची दया आली. दुसऱ्या दिवशी त्यांनी वीस नावांखालच्या ‘आणि इतर १२३’ या ओळीपुढेच खूण केली. एका खुणेत एकशे तेवीस माणसांना न्याय दिल्याचा आनंद त्यांना दिवसभर पुरला.

सबाच्या मशीनला ‘आणि इतर’ या नावाचा माणूस सापडला नाही, पण १२३ हा नंबर सापडला. एम्प्लॉयी नंबर १२३ म्हणजे इलियास. तो मासळीच्या खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवण्याचं काम करत असे आणि नुकताच गावाहून परतला होता. त्याला महिनाभर रजा मिळाली. तो निमूट गेला. परत आल्यावर पुढच्याच आठवड्यात त्याला पुन्हा पत्र मिळालं. सबाकडे जाऊन त्याने सांगून पाहिलं, की मला रजा नको. “सिस्टिम वन-ट्वेंटी-थ्री म्हणतेय, भाई. मी फक्त प्रिंट करते,” ती म्हणाली. दुसऱ्यांदा घरी पोचला तेव्हा त्याच्या सासऱ्यांनी त्याला बाजूला घेऊन हळूच विचारलं, नोकरी आहे ना अजून?

नोव्हेंबर उजाडला. वलीच्या घरून रोज फोन येत. मांडववाला ठरला, बिर्याणीवाला ठरला, बाप कधी येणार ते ठरत नव्हतं. बायकोला त्याने यादीची गोष्ट समजावून सांगितली. ती शांतपणे ऐकून म्हणाली, “तिकडं कायतरी लफडा केलाव काय तुमी?”

वलीला मदत केली ती दत्तप्रसादने. दत्तप्रसाद कुडाळचा, कोल्ड स्टोअरमध्ये क्लार्क, वयाने वलीपेक्षा वीस वर्षांनी लहान. दोघं दुपारचा डबा एकत्र खात. दत्तप्रसादची बायको बाळंतपणासाठी माहेरी गेलेली होती आणि तिला नुकतीच मुलगी झाली होती. बारसं डिसेंबरच्या पंधरा तारखेला ठेवलं होतं. तो डी अक्षराचा, यादीत बरोबर विसावा. नव्या धोरणात आपण पडद्यावर आहोत याचा त्याला आनंद होता, पण तो वलीसमोर तो दाखवत नसे.

“वलीभाई, तुमचा पासपोर्ट बघू.”

वलीने पासपोर्ट दाखवला. त्यावर अब्दुल वली असं नाव होतं.

“मग इकडे नुसतं वली कसं लागलं?”

“बावीस वर्षांपूर्वी रजिस्टरात लिवून घेतलं, तेव्हा रकाना बारीक होता. बाबू म्हणाला, अब्दुल मावत नाय. मी म्हटलं, खलास, नको लिवू.”

दत्तप्रसादने डबा बाजूला ठेवला आणि तिथल्या तिथे अर्ज लिहिला. त्याचं अक्षर सुरेख होतं आणि सरकारी मराठी त्याच्या हाडीमाशी भिनलेली होती, तिचं तो इंग्रजीही तितक्याच सफाईने करत असे. नावात नजरचुकीने झालेली त्रुटी दूर करून ते पासपोर्टाबरहुकूम करावे, ही नम्र विनंती. सोबत पासपोर्टची प्रत, रेसिडेन्ट कार्डाची प्रत. वलीने सही केली. ती मात्र त्याने पूर्वीसारखीच, नुसती ‘वली’ अशी केली. दत्तप्रसादने त्याआधी ‘अब्दुल’ लिहायला लावलं.

अर्ज आठ दिवसांत मंजूर झाला. ही बातमी पसरताच आणखी एकतीस जणांनी नावदुरुस्तीचे अर्ज दिले. झाकीरला आपल्या नावाआधी अल्ताफ असल्याचं आठवलं. तस्नीमने आपलं पाळण्यातलं नाव वेगळंच होतं असं प्रतिज्ञापत्र लिहून दिलं, आणि एका सुताराने तर फक्त ‘ए’ एवढंच नाव मागितलं. एचआरने नियम केला, की वर्षातून एकच नाव दुरुस्त होईल, आणि यंदाचं झालेलं आहे.

गुरुप्रसादांनी वलीला बोलावून घेतलं. त्यांनी स्वतःच्या हाताने कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला.

“बघा. आकिबच्या स्पेलिंगमध्ये दोन ए, म्हणून तो पहिला. त्याच्या खाली, दुसरी ओळ.”

वलीने पाहिलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत आपलं नाव त्याने पहिल्यांदाच पाहिलं होतं, आणि तेही पूर्ण. त्याचे डोळे भरून आले. गुरुप्रसादांनी त्याच्यासमोर खूण केली. दोघांनी हात मिळवले. वली म्हणाला, “अल्ला तुमचं भलं करो, साहेब,” आणि तो घाईने बॅग भरायला गेला.

निकाह व्यवस्थित झाला. मेहरीन रडली, वली तिच्याहून जास्त रडला, बिर्याणी शेवटच्या पंगतीपर्यंत पुरली. त्याने दत्तप्रसादला मांडवाचे चाळीस फोटो पाठवले. दत्तप्रसादने प्रत्येकावर अंगठा पाठवला.

त्याच आठवड्यात कंपनीने नव्या धोरणाबद्दल कर्मचाऱ्यांचं मत मागवलं. यादीतल्या सर्वांना प्रश्नावली गेली. यादीत वीस जण होते. वीसच्या वीस जणांनी, रजेवरच्या वलीनेही फोनवरून, ‘पूर्ण समाधानी’ या चौकोनात खूण केली. गुरुप्रसादांना मालकांकडून दुसरं पत्र आलं. पहिल्याशेजारी लावायला भिंतीवर जागा होतीच.

वली जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात परतला. बायकोने दत्तप्रसादच्या बाळासाठी लोकरीचं टोपडं दिलं होतं आणि डबाभर खोबऱ्याची बर्फी. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो स्टोअरमध्ये गेला. दत्तप्रसाद सुरमईच्या खोक्यांची मोजदाद करत होता.

“बारसं कसं झालं?” वलीने विचारलं.

“झालं बरं. इथूनच बघितलं. फोन त्या खोक्याला टेकवून उभा केला होता. थंडीने मधेच बॅटरी गेली, पण तोपर्यंत कानात नाव सांगून झालं होतं.”

“म्हणजे तू गेलासच नाय?”

“रजा नाय मिळाली.”

“तुना कशी नाय मिळाली? तू तर यादीत होतास.”

“होतो. विसावा होतो.” दत्तप्रसादने खोक्यावर खडूने आकडा लिहिला. “आता एकविसावा आहे.”

वलीला एकदम काही कळलं नाही. तो बर्फीचा डबा हातात धरून उभा राहिला. मग त्याने विचारलं, “कधीपासून?”

“तुम्ही दुसरे झालात त्या दिवसापासून.”

स्टोअरचा मोठा पंखा फिरत होता. वलीने डबा खोक्यावर ठेवला, टोपडं त्यावर ठेवलं, पुन्हा उचलून घडी नीट केली.

“अर्ज तूच लिवलास ना रे. तुना ठाऊक नव्हतं?”

“लिहिताना तुमचं नाव कुठे लागेल एवढंच बघत होतो. माझं कुठे जाईल ते नाय बघितलं.” दत्तप्रसाद हसला. हसणं खरं होतं. “जाऊ दे. नाव काय ठेवलं ते विचारा.”

“काय ठेवलंस?”

“आजीला वैदेही हवं होतं. भटजींनी य अक्षर सांगितलं होतं. मी इथून सांगितलं, काय वाट्टेल ते ठेवा, पण अ पासून ठेवा. आन्वी ठेवलं. स्पेलिंगमध्ये सुरुवातीला दोन ए. मी तीन म्हणत होतो, घरच्यांनी ऐकलं नाय.”

वलीने मान डोलावली. नाव छान होतं असं तो म्हणाला. मग काही वेळ दोघं बर्फी खात राहिले.

“साहेबांनी पडदा माझ्याकडं वळवला होता,” वली अखेर म्हणाला. “यादी समोरच होती रे. मी बघितली होती.”

“कुठपर्यंत?”

वलीने बर्फीचा डबा त्याच्याकडे सरकवला. दत्तप्रसादने खडू उचलला आणि पुढचं खोकं मोजायला घेतलं.

पुढे सलीलने यादी सगळ्या कर्मचाऱ्यांना बघायला खुली केली आणि कुतूहल म्हणून प्रोग्राममध्ये एक लहानसा हिशेब ठेवला, की यादी उघडणारा माणूस ती कोणत्या ओळीपर्यंत वाचतो. सहा महिन्यांच्या नोंदी स्पष्ट आहेत. यादी अखंड पळवा, पानापानाने थांबवा किंवा मध्येच कापा, फरक पडत नाही. स्वतःचं नाव सापडल्यानंतर पुढची ओळ वाचणारा माणूस या कंपनीत अद्याप आढळलेला नाही. वाचकांपैकी कोणी असल्यास त्याने कळवावं. आम्ही त्याचं नाव यादीत शेवटी घेऊ.